हायपोथायरॉइडिझम

हायपोथायरॉइडिझम म्हणजे गळ्यातील अवटु ग्रंथीकडून (थायरॉइड ग्रंथीकडून) शरीराच्या गरजेपेक्षा कमी संप्रेरक तयार होण्याचा विकार होय. मराठीत यास अवटुन्यूनता असेही म्हणतात. हा विकार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि वय वाढेल तसे त्याचे प्रमाणही वाढते. बहुसंख्य रुग्णांत तो कायमस्वरूपी असतो. मात्र उणे पडलेले संप्रेरक रोज एका लहानशा गोळीच्या रूपाने देता येते आणि मात्रा योग्य असल्यास रुग्णाचे आयुष्यमान व कार्यक्षमता इतरांप्रमाणेच राहते. उपचार न झाल्यास मात्र हृदय, मेंदू, प्रजननक्षमता आणि गर्भाची वाढ यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात.

बोलीभाषेत ‘मला थायरॉइड आहे’ किंवा ‘तिला थायरॉइड झाला’ असे म्हटले जाते. वास्तविक थायरॉइड हे ग्रंथीचे नाव असून ती प्रत्येकाला असते. या वाक्प्रयोगातून ग्रंथी मंद आहे की अतिक्रियाशील, याचाही बोध होत नाही. दोन्ही स्थितींचे उपचार परस्परविरुद्ध असल्याने रुग्णाला आपल्या विकाराचे नेमके नाव ठाऊक असणे उपयुक्त ठरते. एकाची गोळी दुसऱ्याने ‘थायरॉइडचीच आहे’ म्हणून घेणे धोक्याचे आहे.

ग्रंथी आणि तिचे कार्य

अवटु ग्रंथी मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असून प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणतः १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातून मिळणारे आयोडीन शोषून ती दोन संप्रेरके तयार करते. थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्यास टी-४ म्हणतात; ट्रायआयोडोथायरोनिनमध्ये तीन असतात, म्हणून ते टी-३. ग्रंथीतून बाहेर पडतो तो बहुतांश टी-४. यकृत, मूत्रपिंड व इतर ऊतींमध्ये त्यातील एक अणू निघून त्याचे टी-३ मध्ये रूपांतर होते आणि पेशींवर प्रत्यक्ष कार्य प्रामुख्याने हा टी-३ करतो. शरीरातील ऊष्मानिर्मिती, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, कोलेस्टेरॉलचा निचरा, त्वचा व केसांची वाढ आणि बालवयात मेंदूचा व हाडांचा विकास ही सर्व कार्ये या संप्रेरकांवर अवलंबून असतात. एखाद-दुसऱ्या अवयवाऐवजी जवळजवळ सर्वच शरीर मंदावण्याचे कारण हेच आहे.

ग्रंथीवर नियंत्रण असते ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे (पीयूषिकेचे). रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पोष ग्रंथी अवटु-उद्दीपक संप्रेरक, म्हणजेच टीएसएच, अधिक प्रमाणात सोडते. थायरॉक्सिन पुरेसे झाले की टीएसएच कमी करते. घरातील पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू जसा पातळी पाहून नळ उघडतो व बंद करतो, तशीच ही योजना आहे. त्यामुळे अवटु ग्रंथी मंदावते तेव्हा टीएसएच वाढलेले दिसते. अहवालातील आकडा वाढला म्हणजे ‘थायरॉइड वाढला’ असा अर्थ अनेक जण लावतात. तो बरोबर उलटा आहे.

कारणे

जगाचा एकत्रित विचार करता आयोडीनची कमतरता हे या विकाराचे प्रमुख कारण मानले जाते. जेथे आयोडीनयुक्त मीठ सर्वत्र वापरले जाते, तेथे मात्र हाशिमोतो यांच्या नावाने ओळखला जाणारा अवटुदाह हे मुख्य कारण ठरते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. या विकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच अवटु ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे संथपणे चालते. सुरुवातीस ग्रंथीला सूज येऊन गळा भरलेला दिसू शकतो, पुढे ती आक्रसते. एकाच कुटुंबातील आई, मुली व बहिणींमध्ये हा विकार आढळणे नेहमीचे आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, कोड आणि सीलिअ‍ॅक विकार असलेल्यांमध्येही त्याची शक्यता अधिक असते.

अन्य कारणांत शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे आणि किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ही दोन महत्त्वाची आहेत. अतिक्रियाशील ग्रंथी किंवा ग्रंथीचा कर्करोग यांसाठी दिलेल्या किरणोत्सारी आयोडीननंतर बहुतेक रुग्णांना पुढे थायरॉक्सिन घ्यावे लागते. हे उपचाराचे अपयश नसून त्याची अपेक्षित परिणती असते. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे उपचार देत आले आहे. मानसिक विकारांत वापरले जाणारे लिथियम व हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अ‍ॅमिओडॅरोन या औषधांनीही ग्रंथी मंदावू शकते. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांना तात्पुरता अवटुदाह होतो. त्यातील अनेकींची ग्रंथी पूर्ववत होते, काहींची होत नाही. क्वचित प्रसंगी दोष अवटु ग्रंथीत नसून पोष ग्रंथीत असतो. अशा वेळी टीएसएच वाढलेले नसल्याने केवळ त्या एका तपासणीवरून निदान चुकू शकते.

लक्षणे

लक्षणे इतक्या हळूहळू येतात की पुष्कळदा रुग्णाला स्वतःलाही बदल जाणवत नाही. थकवा, झोप येत राहणे, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, कोरडी व खरखरीत त्वचा, केस गळणे, आवाज घोगरा होणे, स्नायू दुखणे, पायांत गोळे येणे, विसराळूपणा, उदासीनता ही त्यांतील सामान्य लक्षणे होत. स्त्रियांमध्ये पाळीच्या वेळी अतिरक्तस्राव किंवा पाळीची अनियमितता आढळते. गर्भधारणेस विलंब होणे हेही एक लक्षण असू शकते. चेहरा व पापण्या सुजल्यासारख्या दिसतात आणि भुवयांचा बाहेरील भाग विरळ होतो. मनगटातील नस दबून बोटांना मुंग्या येतात. तपासणीत नाडी मंद लागते, घोट्यावर हातोडी मारल्यावर पाऊल उडते परंतु सावकाश परत येते, रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले व हिमोग्लोबिन कमी झालेले दिसते.

यांपैकी एकही लक्षण केवळ याच विकाराचे म्हणता येत नाही, हीच निदानातील अडचण आहे. पंचेचाळिशीतल्या गृहिणीचा थकवा कामाच्या ओझ्यावर, केस गळणे पाण्यावर, पाळीच्या तक्रारी रजोनिवृत्तीवर आणि उदासपणा स्वभावावर ढकलला जातो. वृद्धांमध्ये ‘वयोमानाने हे व्हायचेच’ असे म्हणून तपासणी टळते. काही वृद्धांत विस्मरण व मंदपणा एवढेच लक्षण असते आणि ते वार्धक्यातील बुद्धिभ्रंश समजले जाते. विस्मरणाची तक्रार असलेल्या रुग्णाची टीएसएच तपासणी करण्याची वैद्यकीय प्रथा त्यामुळेच पडली आहे.

वजनाबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. या विकाराने वजन वाढते हे खरे, परंतु ती वाढ सहसा मर्यादित, म्हणजे काही किलोंचीच असते व तिचा मोठा भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. वीस-पंचवीस किलो वाढलेले वजन केवळ अवटु ग्रंथीच्या माथी मारता येत नाही. उपचार सुरू झाल्यावर वजन झपाट्याने उतरेल ही अपेक्षाही बहुधा पूर्ण होत नाही आणि त्यामुळे ‘गोळी लागू पडत नाही’ असा समज होऊन काही जण औषधच सोडतात.

दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या रुग्णास, विशेषतः वृद्धास, थंडी, जंतुसंसर्ग किंवा गुंगीच्या औषधांमुळे अचानक श्लेष्मशोफजन्य मूर्च्छा येऊ शकते. शरीराचे तापमान उतरते, श्वास व नाडी मंदावते आणि शुद्ध हरपते. ही स्थिती दुर्मीळ असली तरी प्राणघातक असून तिच्यासाठी अतिदक्षता विभागात उपचार करावे लागतात.

निदान

रक्तातील टीएसएच आणि मुक्त टी-४ यांच्या मोजमापावरून निदान होते. प्रौढांमध्ये टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ अशी धरली जाते. प्रयोगशाळेनुसार ती थोडी बदलते आणि वृद्धांमध्ये वरची मर्यादा काहीशी अधिक असते. टीएसएच वाढलेले व टी-४ कमी असेल तर विकार उघड आहे असे मानतात. टीएसएच वाढलेले पण टी-४ मर्यादेत असेल तर त्यास सुप्त हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीपीओ-विरोधी प्रतिपिंडांची तपासणी केल्यास कारण हाशिमोतो प्रकारचे आहे का ते कळते. निदानासाठी ही तपासणी एकदा पुरते. प्रतिपिंडांचा आकडा वारंवार मोजून उपचारात फरक पडत नाही. गळ्याची सोनोग्राफी सर्वांनाच आवश्यक नसते. गाठ हाताला लागत असेल किंवा ग्रंथी वाढलेली असेल तर ती केली जाते.

केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही प्रयोगशाळांतील मोजमाप चुकते. हे पूरक तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. केस गळतात म्हणून बायोटिन सुरू झालेले असते आणि केस गळतात म्हणूनच थायरॉइडची तपासणी सांगितलेली असते, त्यामुळे हा प्रसंग वाटतो तितका विरळा नाही.

सुप्त प्रकारात उपचार करावेत की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. टीएसएच १० च्या वर असल्यास सामान्यतः उपचार सुरू करतात. त्याखाली वय, लक्षणे, प्रतिपिंडे, गर्भधारणेची इच्छा आणि हृदयाची स्थिती पाहून निर्णय घेतात. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुप्त प्रकारासाठी थायरॉक्सिन दिल्याने थकवा किंवा अन्य लक्षणांत फरक पडला नाही. किंचित वाढलेला आकडा पुढील काही महिन्यांत आपोआप मर्यादेत येणे हेही सामान्य आहे. म्हणूनच एका अहवालावर आयुष्यभराची गोळी सुरू करण्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करणे योग्य समजले जाते.

उपचार

लेव्होथायरॉक्सिन हे या विकारावरील प्रमाणित औषध आहे. मानवी ग्रंथी जो टी-४ तयार करते, त्याच रासायनिक रचनेचा तो प्रयोगशाळेत बनवलेला रेणू आहे. त्यामुळे हे औषध बाहेरून आणलेला परका पदार्थ नसून न्यून भरून काढणारा पुरवठा आहे. पूर्ण मात्रा साधारणतः दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे १०० मायक्रोग्रॅम इतकी असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मात्रा इतकी सूक्ष्म असल्याने २५ किंवा साडेबारा मायक्रोग्रॅमचा फरकही महत्त्वाचा ठरतो. वृद्धांना व हृदयरोग्यांना प्रारंभ अगदी कमी मात्रेने करून ती हळूहळू वाढवतात, कारण मंदावलेल्या हृदयावर एकदम ताण आल्यास छातीत दुखणे किंवा ठोके अनियमित होणे संभवते.

थायरॉक्सिनचा रक्तातील अर्धायुष्यकाल सुमारे सात दिवस आहे. या एका गोष्टीवरून उपचारातील बरेच काही समजते. मात्रा बदलल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसण्यास सहा आठवडे लागतात, म्हणून पुढची टीएसएच तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी दिशाभूल करते. एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी अपाय होत नाही. आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. याच गुणधर्मामुळे औषध बंद केल्यावर लगेच त्रास होत नाही. रुग्णाला आठ-दहा दिवस, कधी महिनाभर ठीक वाटते आणि गोळीची गरज नव्हतीच असा ग्रह होतो. लक्षणे नंतर येतात, तीही दबक्या पावलांनी.

औषध सोडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे तपासणीचा अहवाल मर्यादेत येणे. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक चिकित्सकाला परिचित आहे. तापात किंवा जंतुसंसर्गात बरे वाटल्यावर औषध थांबते, हा अनुभव येथे लागू होत नाही. अहवाल मर्यादेत आहे तो गोळीमुळे, ग्रंथी बरी झाल्यामुळे नव्हे. चष्मा लावल्यावर नीट दिसते म्हणून चष्म्याची गरज संपत नाही, तसेच हे आहे. ज्यांचा विकार बाळंतपणानंतरचा, औषधजन्य किंवा सुप्त स्वरूपाचा असतो, अशा काहींची गोळी चिकित्सकाच्या देखरेखीखाली कमी करून थांबवता येते. ग्रंथी काढलेल्या किंवा हाशिमोतो प्रकारात ती नष्ट झालेल्या रुग्णास हा मार्ग उपलब्ध नसतो.

‘आयुष्यभराची गोळी’ या शब्दांचीच धास्ती घेऊन अनेक जण पर्याय शोधतात. गलगंडावर परंपरेने दिली जाणारी औषधे, समुद्री शेवाळाचे अर्क, विशिष्ट आसने अशा अनेक उपायांची जाहिरात होते. आसने व व्यायाम यांचे स्वतंत्र लाभ आहेत. तथापि नष्ट झालेल्या ग्रंथीचे संप्रेरक यांपैकी कशानेही निर्माण होत नाही. शेवाळात आयोडीन अतिप्रमाणात असते आणि हाशिमोतो प्रकारात जादा आयोडीनने ग्रंथी अधिकच मंदावू शकते.

मात्रा जास्त झाल्यास धडधड, हात थरथरणे, निद्रानाश व चिडचिड होते. दीर्घकाळ जादा मात्रा घेतल्यास हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचा आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. वजन उतरवण्यासाठी निरोगी व्यक्तीने थायरॉक्सिन घेणे म्हणूनच घातक आहे.

मात्रा योग्य व टीएसएच मर्यादेत असूनही काही रुग्णांचा थकवा व मनाची मरगळ जात नाही. अशा वेळी पंडुरोग, ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, निद्राविकार, नैराश्य यांची तपासणी केली जाते. टी-४ सोबत टी-३ देण्याने अशा रुग्णांना लाभ होतो का, यावर अनेक चाचण्या होऊनही एकमत झालेले नाही. या तक्रारी काल्पनिक म्हणून झिडकारणे मात्र अयोग्य आहे.

गोळी आणि दिनक्रम

थायरॉक्सिन रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घेऊन त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये, असा प्रघात आहे. मराठी घरांत खरी अडचण न्याहारीची नसून चहाची आहे. उठल्याबरोबर चहा लागणाऱ्या व्यक्तीस तासभर थांबणे जड जाते आणि गोळी चहाबरोबरच घेतली जाते. चहा-कॉफी व दूध यांमुळे शोषण घटते. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांना रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेता येते. परिणाम तितकाच चांगला असतो. वेळ कोणतीही असो, ती रोज सारखी असणे अधिक महत्त्वाचे.

कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचे अंतर हवे. पित्तावरील औषधांनीही शोषण कमी होते. पन्नाशीच्या स्त्रीला थायरॉक्सिन, कॅल्शियम, लोह आणि पित्ताची गोळी अशी चारही औषधे एकाच वेळी चालू असणे नवलाचे नाही. ती सर्व ‘सकाळची औषधे’ म्हणून एकाच घोटात घेतली तर थायरॉक्सिनचा मोठा भाग वाया जातो, टीएसएच चढते आणि चिकित्सक मात्रा वाढवतो. मात्रा वाढवण्यापूर्वी गोळी कशी व केव्हा घेतली जाते हे विचारणे म्हणूनच आवश्यक असते.

हरतालिका किंवा निर्जळी एकादशी यांसारख्या उपवासांना गोळी घ्यावी का, असा प्रश्न विचारला जातो. घोटभर पाण्याबरोबर पहाटे गोळी घेणे हा साधा मार्ग आहे. व्रत मोडेल असे वाटत असल्यास पारणे फेडण्याआधी रिकाम्या पोटी ती घेता येते. अर्धायुष्यकाल मोठा असल्याने एका दिवसाच्या खंडाने धोका नसतो. चातुर्मासात दर आठवड्याला असा खंड पडत राहिला तर मात्र फरक पडतो. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा-एक तास आधी किंवा रात्री झोपताना गोळी घेतली जाते.

या गोळ्या उष्णता, ओलावा व प्रकाश यांनी खराब होतात. बाटलीतील गोळ्या काढून उघड्या डबीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत. रक्ततपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतर गोळी घ्यावी, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-४ तात्पुरता वाढलेला दिसतो. मात्रा स्थिर झाल्यावर सहा महिने ते वर्षातून एकदा टीएसएच तपासणे पुरेसे असते.

आहार

या विकारासाठी स्वतंत्र पथ्याचा आहार नाही. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी व सोयाबीन ‘बंद’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कोबीवर्गीय भाज्यांत आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे. परंतु ती शिजवल्याने बऱ्याच अंशी कमी होतात, आणि आहारात आयोडीन पुरेसे असल्यास नेहमीच्या प्रमाणातील भाजीने अपाय होत नाही. ज्याची ग्रंथी काम करतच नाही व जो थायरॉक्सिन घेतो, त्याच्या बाबतीत तर या पथ्याला अर्थ उरत नाही. सोयाबीनचा अडथळा निराळा आहे. ते गोळीच्या शोषणात येते, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवले की पुरते.

बाजरीचा उल्लेख येथे करणे अवश्य आहे. सुदानच्या दारफूर प्रदेशात आयोडीनची कमतरता व बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंडाचे प्रमाण अधिक आढळले आणि बाजरीतील काही द्रव्ये ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणतात असे प्रयोगांत दिसले. या निष्कर्षाचा विपर्यास होऊन मराठवाडा, खानदेश व पश्चिम महाराष्ट्रातील रुग्णांना बाजरीची भाकरी सोडण्यास सांगितले जाते. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या व तिन्ही धान्ये आलटून-पालटून खाणाऱ्या व्यक्तीने हिवाळ्यातील बाजरीची भाकरी टाळण्याचे कारण नाही.

याउलट दुर्लक्षित राहते ते मीठ. उपवासाला वापरले जाणारे सैंधव आता ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकातही वापरले जाऊ लागले आहे. सैंधवात आयोडीन मुद्दाम मिसळलेले नसल्यास ते गरजेइतके नसते. घरात गर्भवती किंवा लहान मूल असल्यास ही बाब महत्त्वाची ठरते.

गर्भारपण आणि नवजात बालक

गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काम करू लागते. तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीस लागणारे थायरॉक्सिन पूर्णतः आईकडून येते. या काळात आईची गरजही वाढते. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीची मात्रा सामान्यतः २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते. गर्भधारणा कळताच चिकित्सकाशी संपर्क साधणे म्हणूनच निकडीचे असते. ‘गरोदरपणात औषधे नकोत’ या समजुतीने घरातील वडीलधाऱ्यांनी नेमकी हीच गोळी थांबवायला लावणे ही सर्वांत हानिकारक चूक होय. पहिल्या सहामाहीत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. अंगावर पाजतानाही गोळी सुरक्षित असते.

काही बालकांत ग्रंथी जन्मतःच नसते किंवा अपुरी असते. अशी बालके जन्मतः बहुधा निरोगी दिसतात. शांत पडून राहणारे, कमी रडणारे मूल ‘गुणाचे बाळ’ म्हणून कौतुकाचा विषय होते. कावीळ लांबणे, बद्धकोष्ठता, मोठी जीभ व नाभीचा हर्निया या खुणा नंतर लक्षात येतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास बुद्धीची वाढ सर्वसाधारण होते. काही महिन्यांचा विलंब कायमचे मतिमंदत्व व खुजेपणा देऊन जातो. पूर्वी या अवस्थेला जडवामनता म्हणत. टाचेतील रक्ताच्या थेंबावरून नवजात बालकांची सरसकट तपासणी १९७४ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात सुरू झाली आणि नंतर अनेक देशांनी ती स्वीकारली. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा राज्यस्तरीय कार्यक्रम हाती घेतला होता. भारतात सर्वत्र ती अजून सक्तीची नाही. प्रसूतीच्या ठिकाणी तपासणी झाली का, हे पालकांनी विचारून घेणे हिताचे आहे.

इतिहास

गळ्याला येणाऱ्या सुजेचे वर्णन सुश्रुतसंहितेत गलगंड या नावाने आढळते. मात्र ग्रंथीचे कार्य काय, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच उमगले नव्हते. लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत येणाऱ्या जडत्वाचे वर्णन केले आणि विल्यम ऑर्ड यांनी त्यास श्लेष्मशोफ या अर्थाचे नाव दिले. याच सुमारास स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियांत निष्णात झाले होते. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. पुढे ती मुलगी मंद व खुजी झाल्याचे कळल्यावर त्यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावून तपासले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ पैकी १६ जणांत तीच अवनती दिसली. कोखर यांनी १८८३ मध्ये हे निष्कर्ष स्वतःहून जाहीर केले आणि गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शल्यचिकित्सकाने आपल्याच यशस्वी वाटणाऱ्या शस्त्रक्रियांची अशी झाडाझडती घेण्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विशेष मानावे असे आहे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. ती काही महिन्यांत सुधारली, पुढे तोच अर्क तोंडावाटे घेऊ लागली आणि आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक मिळवले. पुढे सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती ३३ ग्रॅम द्रव्य आले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची खरी रचना शोधली व पुढील वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत तयार केले. टी-३ चा शोध जॅक ग्रॉस व रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी १९५२ मध्ये लावला. टी-४ पासून शरीरातच टी-३ तयार होतो हे १९७० मध्ये सिद्ध झाले आणि त्यानंतर प्राण्यांच्या ग्रंथींचे चूर्ण मागे पडून केवळ लेव्होथायरॉक्सिनची गोळी देण्याची पद्धत रूढ झाली.

भारतातील स्थिती

हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश गलगंडासाठी शतकानुशतके कुप्रसिद्ध होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यातील लाखभर लोकवस्तीचे तीन विभाग पाडून दोहोंना आयोडीनयुक्त व एकाला साधे मीठ पुरवले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्यानंतर तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. या कार्याच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले, कारण आयोडीनच्या अभावाने गळा सुजतोच, पण त्याहून मोठी हानी मुलांच्या बुद्धीची होते, हे तोवर स्पष्ट झाले होते. खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० मध्ये उठवण्यात आली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा दंडक आहे.

मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १०.९५ टक्के व्यक्तींमध्ये, म्हणजे सुमारे नऊजणांमागे एकात, हा विकार आढळला. त्यांतील जवळपास एकतृतीयांश लोकांना पाहणीपूर्वी आपल्या विकाराची कल्पनाच नव्हती. लेव्होथायरॉक्सिन हे भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत समाविष्ट आहे.